कुलूप लागलेली घरं सर्वेक्षणात कुठे जातात?

पांझराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात पिण्याच्या पाण्याच्या पाहणीचं काम केलं. गावाचं आणि संस्थेचं नाव देत नाही, मला कुणाची तक्रार करायची नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

काम तसं साधं. एका गावात ४० घरं, घरटी बारा प्रश्न. घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली, म्हणजे सुरुवात अगदी चोख होती. सकाळी साडेदहाला गावात पोचलो. कपाशीची दुसरी वेचणी जोरात होती आणि ४० पैकी १७ घरांना कुलूप होतं. वरून सूचना अशी की घर बंद असेल तर शेजारचं घर घ्या, चाळीसचा आकडा पूर्ण झाला पाहिजे. आधीच्या दोन गावांत मी मुकाट्याने तसंच केलं होतं. ते आता सलतं.

या गावात एका ओट्यावर आजी लसूण सोलत बसल्या होत्या. समोरच्या कुलपाकडे बघून मी विचारलं, ही मंडळी कधी येतात? त्या म्हणाल्या, "सांजले ये रे भाऊ, दिनभर समदा वावरमा ऱ्हातस." मग थांबलो. दुपारपर्यंत उघडी २३ घरं उरकली. पाणी पुरतं का, या प्रश्नाला २३ पैकी १८ घरांनी हो म्हटलं, म्हणजे ७८ टक्के. संध्याकाळी दिवे लागल्यावर कुलूपवाल्या १७ पैकी १४ घरी माणसं भेटली. त्यातल्या फक्त ४ घरांनी पाणी पुरतं म्हणून सांगितलं. दोन्ही मिळून ३७ पैकी २२, म्हणजे ५९ टक्के.

एवढा फरक का पडला ते एका ताईंनी हंड्यावरचं झाकण उचलून दाखवलं. तळाला चार बोटं पाणी. गावात नळ चौथ्या दिवशी सकाळी अकराला येतो. त्या वेळी घरी जो असतो त्याची टाकी भरते. ताई सातलाच वेचणीला जातात. ज्या कारणाने त्यांच्या दाराला कुलूप, त्याच कारणाने त्यांच्या घरात पाणी नाही. आणि आमची पाहणीही बरोब्बर अकरा वाजताच दारात उभी!

शेजारचं घर घेतलं असतं तर आकडा चाळीसचा झाला असता, कागद स्वच्छ दिसला असता आणि गावाला पाणी पुरतं असा निष्कर्ष निघाला असता. पुस्तकात याला अभिनती म्हणतात, मी झुकाव म्हणतो. तो जाणूनबुजून कुणी घातलेला नव्हता, वेळेतच होता. तुमच्यापैकी कुणी मोजणी, पाहणी, पीक कापणी असं काही केलं असेल तर अनुभव लिहा. मला यातून शिकायचं आहे.

---

केळीचा_घड

भाऊ, मनातलं लिहिलंत. आमच्या रावेरकडे केळीचा विमा हवामानावर आधारलेला आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर वारा किती, तापमान किती नोंदलं गेलं त्यावर भरपाई ठरते. आता वादळ काय सगळ्या मंडळात सारखं फिरतं का? नाल्याच्या या अंगाला घडासकट झाडं आडवी आणि केंद्राच्या अंगाला पानही फाटलेलं नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. एकच ठिकाण म्हणजे नमुनासुद्धा एकच ना?

---

दादर_कळणा

पाण्याचं पटलं. पण मूळ शंका विचारतो. टीव्हीवर सांगतात, हजार-दीड हजार लोकांना विचारून अंदाज काढला. आपला खान्देश केवढा! जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून पाऊण कोटीच्या वर माणूस. मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही, माझ्या गल्लीतही नाही. हजारात हे सगळं कसं मावणार?

---

गिरणाथडी

दादरभाऊ, मी पंचवीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न दर वर्षी पहिल्या आठवड्यात यायचा. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जिनिंगवर कापसाची ट्रॉली येते तेव्हा व्यापारी काय करतो? वरचा एक मूठ कापूस बघून भाव देत नाही. हात खोल घालून मधला काढतो, फाळका पाडून खालचा काढतो. कारण वर पांढराशुभ्र आणि खाली कवडी, ओला माल असू शकतो हे त्याला माहीत असतं. ट्रॉली लहान असो की मोठी, मुठी तेवढ्याच लागतात. महत्त्वाचं हे की ट्रॉलीतल्या प्रत्येक बोंडाला मुठीत येण्याची संधी मिळाली पाहिजे.

गणित असं. नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडला असेल, तर टक्केवारीतली चूक नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते, लोकसंख्येवर जवळजवळ नाही. १०० माणसं घेतली तर साधारण १० टक्के इकडेतिकडे, ४०० घेतली तर ५ आणि १००० घेतली तर ३. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणून हजाराच्या पुढे खर्च वाढतो आणि फायदा कमी कमी होत जातो. हजार माणसं खान्देशाला जेवढी पुरतात तेवढीच अख्ख्या देशाला. सुरुवातीला हे कुणालाच पटत नाही, मलाही विद्यार्थी असताना पटलं नव्हतं.

हजार माणसं तीन जिल्ह्यांत वाटायची तर २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२.३ लाख, धुळे २०.५ लाख, नंदुरबार १६.५ लाख. त्या प्रमाणात जळगावला ५३३, धुळ्याला २५९, नंदुरबारला २०८ येतात. याला स्तरित नमुना म्हणतात. पण नंदुरबारचं वेगळं, खात्रीचं चित्र हवं असेल तर २०८ अपुरे पडतात. तिथे मुद्दाम जास्त माणसं घ्यायची आणि एकूण आकडा काढताना त्यांचं वजन, म्हणजे हिशेबातला वाटा, परत कमी करायचं.

आता दुसरी बाजू. निवड वाकडी असेल तर आकार कितीही वाढवा, काही उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या आणि २३ लाखांवर परत आल्या. अंदाज काढला की रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार, रूझवेल्ट यांना ४३ टक्के मतं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी जिंकली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी ५० हजारांच्या आसपास नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि मोटार, ते कोण असणार? शिवाय चारातल्या तिघांनी पत्रिका परतच पाठवली नाही. हे तिघे म्हणजे पांझराकाठ यांची कुलपं.

केळीचा_घड, तुमचं बरोबर आहे. एका केंद्रावर नुसता अंदाज काढता येतो, पण तो किती चुकतोय हे कळायला निदान दुसरं केंद्र लागतं. एकाच आकड्याला आपली चूक मोजता येत नाही.

---

दादर_कळणा

सर, ट्रॉलीवरून समजलं. धन्यवाद.

---

तोरणमाळ_पायथा

मी आरोग्य सेविका होते, आता निवृत्त. लसीकरणाच्या पाहणीत आम्ही ३० गावं आणि प्रत्येक गावात ७ मुलं अशी पद्धत वापरायचो, एकूण २१०. जागतिक आरोग्य संघटनेची ही पद्धत जगभर वापरली गेली. गावाच्या मधोमध उभं राहायचं, पेन फिरवायचं, टोक जिकडे वळेल त्या दिशेची घरं मोजायची, त्यातलं एक चिठ्ठीने काढायचं आणि तिथून पुढे जवळचं घर, जवळचं घर करत सात मुलं पूर्ण करायची.

आम्हाला वाटायचं पेन फिरवलं म्हणजे निवड निःपक्ष झाली. पण गावाचा मध्य म्हणजे कुठे? शाळा, देऊळ, किराणा दुकान, उपकेंद्र. तिथून सुरू केलं की सात मुलं बहुतेक वेळा तिथल्याच आळीत पूर्ण व्हायची. धडगावकडे तर गाव म्हणजे एक वस्ती नसतेच, टेकड्यांवर पसरलेले पाडे असतात. नर्सबाई जिथे सहज पोचते तिथे लस आधीच पोचलेली. ज्या पाड्याला जायला नाला ओलांडून तासभर चढावं लागतं तिथे पेन कधी पोचलंच नाही. त्या पाड्यावरच्या बाळांना लस मिळाली की नाही हे आमचा कागद कधीच सांगू शकला नसता. तुमची कुलपं वाचून मला ते पाडे आठवले.

---

नैर्ऋत्य_कोपरा

तोरणमाळताई, नमस्कार. मी कृषी सहायक होतो, शेकड्याने पीक कापणी प्रयोग केले. त्यातलं एक बारकाईने सांगतो, कारण यात आपल्या मराठी माणसाचं मोठं काम आहे.

कापणीला शेत कोणतं घ्यायचं हे आपण ठरवत नाही, सर्व्हे नंबर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या आलेल्या, आकड्यांच्या तक्त्यातून येतो. शेतात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं. लांबीकडे किती पावलं, रुंदीकडे किती पावलं, हेही तक्त्यातूनच. जिथे थांबाल तिथे खुंटी ठोकायची, दोरीने चौकोन आखायचा, आतलं पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं. इतकी कटकट कशासाठी? कारण माणसाचे पाय आपोआप चांगल्या पिकाकडे वळतात. माझेही वळायचे. आणि विम्याचा विषय असला की शेतकरी म्हणतो, "साहेब, तिकडे घ्या, तिकडे पातळ आहे." दोघांपैकी कुणीही लबाड नसतो, पण दोघांचाही हात ओढलेला असतो. तक्ता त्या दोघांच्याही हातात नाही, हाच त्याचा उपयोग.

आता कडेचा भाग. दोरीच्या बरोबर रेषेवर जे झाड येतं ते आत धरायचं की बाहेर? घाईत कापणारा ते आत ओढतो. १ मीटर बाजूच्या चौकोनाला क्षेत्र १ चौरस मीटर आणि कड ४ मीटर. १० मीटर बाजूच्या चौकोनाला क्षेत्र १००, कड ४०. म्हणजे लहान तुकड्यात एका चौरस मीटरमागे कड दहापट, आणि चूकही त्या प्रमाणात. १९४० च्या दशकात यावर मोठा वाद झाला. कोलकात्याला १९३१ साली भारतीय संख्याशास्त्र संस्था काढणारे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकडे कापत होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यांनी उत्पादन फुगलेलं दिसतं, मोठे आयताकृती तुकडे घ्या. दोघेही थोर. महालनोबिसांमुळे १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गेले. पण माझ्या रोजच्या कामात मला सुखात्म्यांची दोरी जास्त उपयोगी पडली. मला त्याचा अभिमान आहे.

---

पाटी_पेन्सिल

शाळेतलं एक उदाहरण देते. नववीच्या वर्गाला मी विचारलं, तुम्ही भावंडं किती? सरासरी काढली आणि फळ्यावर लिहिलं, "गावातल्या घरात सरासरी इतकी मुलं." एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, ज्यांना मूलच नाही त्यांना कोण विचारणार?"

मी दोन रात्री त्यावर विचार केला. ती जेवढं म्हणाली त्याहून गोष्ट खोल आहे. समजा दहा घरं आहेत, पाच घरांत एकेक मूल, पाच घरांत तीन-तीन. घरामागे सरासरी २. पण वीस मुलांना विचारलं तर पाच मुलं "एक" सांगतात आणि पंधरा मुलं "तीन" सांगतात. सरासरी येते अडीच. मोठं घर तीनदा बोलतं, लहान घर एकदाच. सगळ्या मुलांनी खरंच सांगितलं, सगळ्या मुलांना विचारलं, तरी उत्तर चुकीचं. घराबद्दलचा प्रश्न मुलांच्या यादीतून विचारला, हे चुकलं. त्या मुलीचं नाव मी माझ्या डायरीत लिहून ठेवलंय.

---

चाळीसगाव_फलाट

सगळं छान आहे, पण व्यवहाराचं बोला. मीही छोट्या संस्थेत आहे. एका गावाला एक दिवस मिळतो, दोन पोरं, एक मोटारसायकल. संध्याकाळी परत जायचं तर पेट्रोल कोण देणार? बाईमाणूस असेल तर अंधारात परत कशी येणार? पांझराकाठ, तुम्ही थांबलात, कौतुक आहे. पण प्रत्येक गावात ते जमणार नाही. शेजारचं घर घ्यायची सूचना आळसातून आलेली नसते, पैशातून आलेली असते.

---

पांझराकाठ

चाळीसगावदादा, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. पैसे कमीच असतात. म्हणूनच सांगतो, ४० घरांऐवजी २५ निवडा. वाचलेल्या वेळात त्या २५ पैकी जी बंद असतील तिथे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जा. सरांनी वर सांगितलंच आहे, घरं कमी झाल्याने जी चूक वाढते ती मोजता येते आणि कागदावर लिहिता येते. शेजारचं घर घेतल्याने जी चूक होते ती मोजताच येत नाही, कारण ती झाली हेच कागदावर उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहा. २०१९-२१ च्या फेरीत ६ लाख ३६ हजारांवर घरं होती, आणि तिथेही निवडलेल्या घराच्या बदली दुसरं घर घेऊ देत नाहीत, परत जावं लागतं.

परत जाणं अगदीच अशक्य असेल तर निदान कुलपं मोजा आणि अहवालात लिहा. माझ्या गावाचंच बघा. समजा मी संध्याकाळी थांबलोच नसतो. ४० पैकी २३ भेटली, १८ हो. उरलेली १७ सगळी "नाही" म्हणाली असती तर १८ भागिले ४०, म्हणजे ४५ टक्के. सगळी "हो" म्हणाली असती तर ३५ भागिले ४०, ८७ टक्क्यांच्या वर. म्हणजे प्रामाणिक उत्तर असं झालं असतं की पाणी पुरणारी घरं ४५ ते साडेसत्त्याऐंशी टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहेत. ऐकायला बरं वाटत नाही, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं की परत जाऊन बघायला हवं. ७८ टक्के लिहिलं की कुणी परत जात नाही.

अंधाराचं खरं आहे. महिला कार्यकर्त्या असतील तर सकाळी सहाला जावं, वेचणीला निघायच्या आधी.

---

सारंगखेडा_घाट

सहाला स्वयंपाकाची घाई असते, ताई बोलायला थांबत नाहीत. अमावास्येचा दिवस बघा. आमच्याकडे बरीच शेतकरी मंडळी त्या दिवशी कामाला सुट्टी देतात.

शब्दांबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. मी एका प्रश्नावलीत वाचलं, "योजनेमुळे तुम्हाला फायदा झाला ना?" त्या "ना"पुढे नाही म्हणायला माणसाला ताकद लागते. त्यातून विचारणाऱ्याच्या शेजारी खुर्चीवर गावचा पुढारी बसलेला. आणि प्रश्न छापील मराठीत, ऐकणारी बाई पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. तिने मान हलवली, विचारणाऱ्या पोराने "हो"वर खूण केली. निवड कितीही यादृच्छिक असू द्या, उत्तर कुणाचं आलं? पुढाऱ्याचं. आम्ही नंतर एवढंच केलं की पावरी बोलणाऱ्या दोन मुली सोबत घेतल्या, पुढाऱ्याला चहाला दुसरीकडे नेलं आणि "फायदा झाला ना" ऐवजी "शेवटचे पैसे कधी मिळाले, किती मिळाले" असं विचारलं. उत्तरं पार बदलली.

---

केळीचा_घड

आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल पोल आला, "ठिबक अनुदान वेळेवर मिळालं का?" नव्वद टक्के लोकांनी नाही म्हटलंय. हा धागा वाचायच्या आधी मी तो चार ग्रुपवर पुढे पाठवला असता. ज्याचं अडकलंय तोच बोट दाबणार, ज्याचं मिळालं तो कशाला? अडकलेले आहेत हे खरं, पण किती आहेत हे त्यातून कळत नाही.

---

गिरणाथडी

अगदी बरोबर. पोलखाली हेच लिहा, लोकांना पटेल.

पांझराकाठ, एक राहिलं. १७ कुलपांपैकी १४ उघडली. उरलेल्या तिघांचं काय?

---

पांझराकाठ

सर, ती तिन्ही घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलीत. दिवाळी झाली की जातात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परततात. मी आखाजीला जायचं ठरवलंय.

---

तोरणमाळ_पायथा

जा, पण एक लक्षात ठेवा. आखाजीला प्रत्येक घरात माहेरवाशिणी असतात, झोके बांधलेले असतात, दुप्पट माणसं असतात. त्या दिवशी माणशी पाणी किती विचारलंत तर वेगळंच उत्तर येईल. आणि वैशाखातलं पाणी कार्तिकातल्या पाण्याशी जोडू नका. आम्ही घरात दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचो: या घरात नेहमी कोण राहतं, आणि काल रात्री इथे कोण झोपलं.

---

पांझराकाठ

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नसतं. दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले. त्या तीन घरांना वैशाखातलं न विचारता ऊसतोडीला निघण्याआधीच्या आठवड्याबद्दल विचारेन. आणि ज्या २३ घरी दिवसा गेलो होतो त्यांतल्या पाच-सहा घरी चिठ्ठ्या टाकून पुन्हा जाईन, तेव्हाचं त्यांना आता कसं आठवतं ते बघायला. आखाजीनंतर इथेच लिहितो.